तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

लव्हॉनचा गुडघा त्या आठवड्यात धड असता तर माझी मुलगी माझ्या घरी राहिली असती. बाकी कुणाला मी दोष देत नाही. म्हणजे देते, पण मनातल्या मनात.

लव्हॉन आमच्या चर्चच्या मिशन कमिटीची अध्यक्ष, वर्षानुवर्षं. नेमकं सभेच्या वेळी तिचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि सभा घ्यायला पाळक स्वतः बसले. पाळकांचं नाव ट्रॅव्हिस. वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान, टेक्ससहून आलेले. माणूस चांगला. प्रवचन लांबवत नाहीत, आजाऱ्याकडे लगेच धावतात. पण ते ज्या मुलखातून आले तिथली माणसं मनात असेल ते बोलतात, आणि समोरचाही तसंच बोलत असेल असं धरून चालतात. आमच्या मिनेसोटात असं केलं तर माणूस उपाशी मरेल.

आमच्याकडे कुणी कॉफी विचारली की नको म्हणायचं. पुन्हा विचारली की म्हणायचं, कशाला उगीच त्रास. तिसऱ्यांदा विचारली की म्हणायचं, बरं, ओतलीच आहे तर अर्धा कप. मग तीन कप प्यायचे. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आईच्या दुधातूनच येत असावं. ट्रॅव्हिस पाळक नवे असताना मर्ल त्यांच्याकडे भेटीला गेला होता. मर्ल म्हणजे आमचा एकटा राहणारा म्हातारा शेतकरी, गप्प बसण्यात पटाईत. पाळकांनी विचारलं, कॉफी घेणार? मर्ल म्हणाला, नको. पाळकांनी किटली ठेवून दिली! मर्ल बिचारा दोन तास त्या किटलीकडे बघत बसला आणि तसाच घरी आला. वर्ष झालं, अजून सांगतो.

तर सभा, चर्चच्या तळघरात. मका कापून झाला की आमच्याकडे मिशनचा रविवार असतो. बाहेरदेशी काम करणारा कुणीतरी वक्ता येतो. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, रविवारी उपासनेत बोलायचं, आणि मधल्या काळात कुणाच्या तरी घरी उतरायचं. पाळकांनी मिशन ऑफिसचं पत्र वाचून दाखवलं. या वर्षीची पाहुणी मादागास्करच्या दक्षिणेला दवाखान्यात काम करणारी नर्स, मारित ट्वाइट.

माझी मारित. दवाखान्यासाठी पैसे उभे करायला काही आठवड्यांसाठी येत होती. रोज नवं गाव, नवं चर्च.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कपात बघत राहिले. आपल्याच लेकराचं कौतुक ऐकून चेहरा फुलला तर आमच्यात ती बढाई होते.

मला काय हवं होतं ते आधीच सांगून टाकते, कारण तेव्हा मी ते कुणालाच सांगितलं नाही. ऑर्लिन, माझा नवरा, गेला तेव्हा मारित आली होती, पण तेव्हा घर माणसांनी आणि लोकांनी आणलेल्या जेवणाच्या ट्रेंनी इतकं भरलं होतं की आम्हा दोघींना धड रडायलाही जागा नव्हती. त्यानंतर मी तिला पाहिलं ते फोनच्या पडद्यावर, तेही अर्धं. मला एक सकाळ हवी होती. तिने वरच्या आपल्या खोलीतून पाय ओढत उतरावं, विंचरलेलं नसावं, झोपेतल्याच कपड्यांत माझ्या टेबलाशी बसावं. मी अंडी करीन, टोस्ट करीन. ती बोलली तर बोलेल, नाही बोलली तर नाही. ऑर्लिन गेल्यापासून न्याहारीला माझ्यासमोर रेडिओच बसतो.

“आर्डिसबाई,” पाळक म्हणाले, “मारित तुमच्याकडेच उतरेल ना?”

“छे, छे,” मी म्हटलं. “ती सगळ्या मंडळीची पाहुणी. माझ्या एकटीची थोडीच आहे? दुसऱ्या कुणाला ठेवून घेऊ दे.”

हे पहिलं नको. सगळ्यांना कळलं. छान म्हटलंस, अशा अर्थी मर्लने मान हलवली.

“नक्की? तुमची मुलगी आहे, म्हणून विचारतो.”

“अहो, माझ्या घरात काय आहे? जिना हा असा उभा, वर गारठा. उगीच तिची आबाळ व्हायची.”

हे दुसरं. मी खुर्चीत सरसावून बसले. लव्हॉन असती तर म्हणाली असती, “आर्डिस, पुरे झाली तुझी नाटकं, पोरगी तुझ्याकडे राहणार.” आणि मी म्हटलं असतं, “बरं बाई, सगळे म्हणताच आहात तर.” हे वाक्य मी जिभेवर घेऊन बसले होते.

“बरं,” पाळक म्हणाले. “तुमची अडचण मी समजू शकतो.” आणि त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं.

सगळ्यांनी आपापल्या कपात डोकं घातलं. 

“मग कुणाकडे ठेवायचं?” पाळकांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. कसा होणार? आईच्या तोंडचा घास कोण काढून घेईल? “हरकत नाही,” ते खुशीत म्हणाले, “हायवेवर मोटेल आहे, तिथे खोली घेऊ.”

मिशनरी बाई आणि मोटेलात! व्हर्ना हेगच्या तोंडून आवाजच निघाला. व्हर्ना आणि तिचा नवरा लायल माझ्या शेजारच्या शेतावर राहतात. आमची मैत्री लग्नाआधीची. “नाही, म्हणजे,” व्हर्ना म्हणाली, “आमच्याकडे एक खोली आहे रिकामी. पण साधंच आहे हो सगळं. दुसरं कुणी असेल तर त्यांच्याकडेच बरं.”

ही नकार मिळावा म्हणून टाकलेली गोष्ट होती. मी म्हणणार, नको गं व्हर्ना, तुला कशाला त्रास, आणि गाडी फिरून माझ्या दारात येणार. व्हर्नाने माझ्यासाठीच ते केलं होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते समजलं, एक सोडून.

“झकास!” पाळक म्हणाले. “व्हर्नाबाई, देव तुमचं भलं करो.” टक टक टक. “हे बघा, मिशन ऑफिसला कळवूनसुद्धा टाकलं.”

पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं व्हर्नाचं तोंड झालं. माझंही तसंच झालं असावं. पण तोपर्यंत पाळक शनिवारच्या न्याहारीवर पोचले होते. ती पुरुषमंडळींनी घेतली. दुपार तरुणांना दिली, संध्याकाळी सगळ्यांचं मिळून तळघरात जेवण. रविवारची न्याहारी, ओघानेच, व्हर्नाकडे.

बाहेर गाड्यांपाशी व्हर्ना माझ्या मागून आली. तिने माझी बाही धरली. मला वाटलं, आली, आता विचारेल. पण उरलेली सभाभर ती विचार करत बसली होती, आणि तिच्याबरोबर बाकीचेही. जी बाई पोटच्या पोरीला दोनदा नको म्हणते आणि नंतर मूग गिळून बसते, तिच्या घरात काहीतरी बिनसलेलं असणार.

“मी काही विचारणार नाही हं, आर्डिस,” ती हळूच म्हणाली. “प्रत्येक घरात काही ना काही असतंच.”

“व्हर्ना, तसं काही नाही गं.”

“नाहीच मुळी. मी कुठे म्हणतेय? तू अजिबात काळजी करू नकोस. मी सांभाळते तिला.” आणि तिने माझा हात थोपटला.

आमच्या गावात कुणी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाही. लांबून वास घेतात. आठवडा सरला नाही तोच आई-लेकीचं बिनसलंय हे सगळ्यांना माहीत झालं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त माझ्या पायरीवर केळ्याचा केक येऊन पडायला लागला. पोस्टात मर्ल भेटला. त्याचं आणि त्याच्या भावाचं कुंपणावरून वाजलंय, तरुणपणापासून बोलणं नाही. तो बराच वेळ तिकिटांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “होतं असं.” मर्लच्या मानाने ते भाषणच होतं.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना सरळ! कुणाला? व्हर्नाने तोवर लायलकडून खोलीला रंग लावून घेतला होता. नवी गादी आणली होती. आता मी म्हटलं असतं, मला माझी मुलगी हवी, तर व्हर्ना चोर ठरली असती. आणि खरं सांगायचं तर मला हवं हे शब्द आम्हाला म्हणताच येत नाहीत. चर्चच्या चहापाण्याला ताटात शेवटची वडी उरली की एक जण तिचा अर्धा तुकडा कापून घेतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा. शेवटी नखाएवढा कण उरतो आणि तो ताट धुताना पाण्यात जातो. पण शेवटचा तुकडा उचलला असं कुणाला म्हणता येत नाही.

उरला होता मारितचा फोन. मी ठरवलं होतं, तिने विषय काढला की सांगायचं.

“आई, ऑफिसचा निरोप आला,” ती म्हणाली. मागे कोंबडा ओरडत होता, तिच्याकडे पहाट होती. “मी व्हर्नामावशीकडे उतरणार म्हणे.”

“हो. तिच्याकडे खोलीलाच लागून न्हाणीघर आहे.”

“तुझी तब्येत बरी आहे ना?”

“मला काय धाड भरलीय?”

“नाही, ते जिन्याचं काहीतरी लिहिलं होतं.” मग  कोंबडाच बोलत राहिला. “तुला जसं सोयीचं, आई.”

“तुला चालेल ना पण?”

“मला काय, मी कुठेही झोपते. सवय आहे.” ती म्हणाली. “आणखी काही सांगायचंय तुला?”

सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण वाटलं, हिला तरी माझ्याकडे कुठे यायचंय? यायचं असतं तर म्हणाली नसती? नव्या न्हाणीघराची सोय असेल बरी, म्हातारीच्या गारठ्यापेक्षा.

“स्वेटर आण,” मी म्हटलं. “इथे थंडी पडलीय.”

फोन ठेवल्यावर मी वर गेले आणि तिच्या पलंगावरची चादर काढून धुतली. गोधडी दोरीवर घातली. बटाट्याच्या लेफ्सा, म्हणजे आमच्याकडच्या पातळ पोळ्या, लाटल्या, लोणी-साखर लावून गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या. एकटीसाठी कुणी इतक्या लेफ्सा करतं का? करत नाही. मी केल्या. कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, बटाटे खराब होत होते. कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी व्हर्नाने जेवायला बोलावलं. मला वाटलं, चला, एकाच टेबलाशी तर बसू. पण व्हर्ना समजूतदार बाई. आम्हा दोघींना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तिने मारितला एका टोकाला बसवलं आणि मला दुसऱ्या, मध्ये पाळक, लायल आणि जेलीचं भांडं. मारित वाळली होती. कपाळावर उन्हाच्या रेघा पडल्या होत्या. आल्या आल्या तिने मला मिठी मारली, तेव्हा तिच्या केसांना कुठल्यातरी अनोळखी साबणाचा वास आला. मी म्हटलं, “प्रवास बरा झाला?” ती म्हणाली, “झाला.” मग लायलने तिच्या हातातली बॅग घेतली आणि खोली दाखवायला नेली. रंग खरंच चांगला दिला होता.

मी रात्रीची भांडी विसळू लागले, तर व्हर्ना म्हणाली, “तू जा गं घरी, दमली असशील.” माझ्यावर दया करत होती. मी गेले.

शनिवारी मारितभोवती ही गर्दी. जेवणाच्या वेळी मी बटाट्या-खिम्याचा माझा ट्रे घेऊन उभी राहिले आणि तिला दुरून बघत राहिले. ती हसताना मान मागे टाकते, ऑर्लिनसारखी. हे मला फोनवर कधी दिसलं नव्हतं. मध्येच आमची नजरानजर झाली. ती उठायला लागली, तेवढ्यात कुणीतरी तिच्या मांडीवर आपलं बाळ दिलं. लोकांना मिशनरीच्या मांडीवर बाळ द्यायला फार आवडतं.

रविवारी मी माझ्या नेहमीच्या बाकावर बसले. पडद्यावर एकेक चित्र यायला लागलं. दवाखाना, विहीर, लाल मातीतली पोरं. मग एक म्हातारी आली, दात पडलेली, डोक्यावर गवताची टोपी.

“ही माझी घरमालकीण,” मारित म्हणाली. “हिला मी नेनी म्हणते. नेनी म्हणजे आई. मी रोज सकाळी घाईत निघते आणि ही दारात आडवी उभी राहते. भाताची पेज खाल्ल्याशिवाय मला सोडत नाही. नाही म्हणायची सोयच नाही!”

सगळे हसले. मीही हसले, कारण व्हर्ना माझ्याकडे बघत होती. पण त्या म्हातारीचा मला इतका मत्सर वाटला की गाणं सुरू झालं तेव्हा मी भलतंच कडवं म्हणत होते. देवाच्या घरात, मिशनच्या रविवारी, एका गरीब बाईचा मत्सर! पण वाटला. माझ्या मुलीला पेज वाढते, आणि रोज वाढते.

उपासना संपली. मारित दारापाशी पाळकांशेजारी उभी राहिली आणि लोक एकेक करून तिचा हात हातात घेऊन बाहेर पडू लागले. बाहेर पुढच्या गावचा, फार्गोच्या चर्चचा माणूस तिला न्यायला आला होता, गाडी सुरूच ठेवून. मी इतरांना पुढे जाऊ दिलं. सगळ्यांना जाऊ दिलं. शेवटी माझ्यामागे मर्ल तेवढा उरला, कारण त्याच्यावरही तेच संस्कार.

मारित वाकून एका पोराचा पडलेला हातमोजा उचलत होती. माझा नंबर आला तसा तिने मान वर न करताच हात पुढे केला. “तुमच्या प्रार्थनांबद्दल मनापासून आभार,” ती म्हणाली.

“मारित,” मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. “अगं आई!” ती हसायला गेली, पण ते हसू काही पुरं झालं नाही.

आणि मग जन्मात जे केलं नाही ते मी केलं. मोठ्याने म्हटलं, “मला तू माझ्या घरी हवी होतीस.”

पाळकांनी चमकून बघितलं. मर्लने आपल्या बुटांकडे पाहिलं.

“पण तू नको म्हणालीस ना,” मारित म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. “ऑफिसने लिहिलं, आईंना जमणार नाही.”

“तसं म्हणायचं असतं गं! तुला ठाऊक नाही का आपल्याकडे कसं म्हणतात ते?”

“ठाऊक आहे. म्हणून तर फोन केला. मी वाट बघत होते तू काहीतरी म्हणशील. तू म्हणालीस, स्वेटर आण.” तिने माझा हात सोडला नव्हता. तळवा खरखरीत होता, गरम होता. “आई, पुढचा आख्खा आठवडा मी मोकळा ठेवला होता. तुझ्यासाठी. ऑफिसशी भांडून ठेवला होता. मग तुला नकोच असेल असं वाटलं, म्हणून त्यांना देऊन टाकला.”

बाहेर फार्गोवाल्याने गाडीचं मागचं दार उघडून ठेवलं होतं. तिची बॅग आत होती.

“परत घे,” मी म्हटलं. “सांग त्यांना, जमत नाही म्हणून.”

“रोज एका गावात आहे गं. लोकांनी तयारी केलीय.”

खरंच होतं. तिकडेही प्रत्येक गावात कुणीतरी व्हर्ना खोलीला रंग देऊन बसली असणार. मला त्यांचा रागही येईना. पाळक मध्येच पुढे झाले, बिचाऱ्यांचा चेहरा पडला होता. “आर्डिसबाई, मला खरंच वाटलं की तुम्ही...” असं काहीतरी म्हणत राहिले. त्यांना तरी काय सांगणार? त्यांनी दोनदा विचारलं होतं. त्यांच्या मुलखात एकदाच पुरतं.

“पुढच्या खेपेला,” मारित म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पुढच्या खेपेला मी कुणाला विचारणारच नाही. सरळ घरी येईन.”

पुढची खेप म्हणजे आणखी चार वर्षांनी. मी अठ्ठ्याहत्तरची आहे.

“हो, पुढच्या खेपेला,” मी म्हटलं, आणि मर्लला तिचा हात हातात घेता यावा म्हणून बाजूला झाले.